हुंकाराला वेगळी खोली

३ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात शिरले तेव्हा एकाच्याही हातात चहाचा कप नव्हता, म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं होतं.

एका दवाखान्यात एक गृहस्थ औषधांच्या खिडकीशी उभे होते. त्यांना बोलता येत नाही. त्यांच्या वतीनं आमची पाटी बोलते. पाटी म्हणजे आमचं ॲप घातलेला टॅबलेट. शब्द टाइप करा नाहीतर चित्रावर बोट ठेवा, ती मोठ्यानं बोलते. (हे मी कुणाला समजावून सांगते आहे? असो, वही नवी आहे, तिला माहीत नसणार.) त्यांना सांगायचं होतं, मला ती गोळी चालत नाही. पाटी "मला ती गोळी" एवढं बोलली आणि मुकी झाली. खिडकीतल्या मुलीनं तत्परतेनं तीच गोळी काढून दिली. त्यांनी हातवारे केले, मान हलवली, शेवटी पाकीट जमिनीवर फेकलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. निभावलं सगळं. पण त्यांच्या मुलीनं आम्हाला मेल लिहिली आहे आणि तिच्यात एकही वाकडा शब्द नाही, त्यामुळे ती जास्तच लागली.

दोष आमच्या कोडचा नाही. पाहुण्याचा आहे. बाहेरची माणसं आमच्या ॲपला जोडायला छोटे छोटे प्रोग्राम लिहितात. कुणाचा हवामान सांगणारा, कुणाचा शिट्टी वाजवणारा, कुणाचा नातवाच्या आवाजात हाक मारणारा. त्यांना प्लगिन म्हणतात, मी पाहुणे म्हणते. कोण लिहितं, काय शिकलेलं असतं, देव जाणे. आणि हे सगळे पाहुणे आमच्या ॲपच्या पोटात एकाच खोलीत राहतात. एकजण दारात आडवा झाला की सगळ्यांचीच वाट बंद.

आमच्या हेडबाईंनी (मागे त्यांना सगळे कुलूपबाई म्हणतात, समोर कुणाची बिशाद नाही) निर्णय दिला: मार्चअखेरच्या व्हर्जनमध्ये एकही पाहुणा नको, सगळे बाहेर. कोण सहमत आहे असं विचारल्यावर सगळ्यात आधी हात माझा वर गेला. मी इतकी वर्षं हेच तर म्हणत होते.

संध्याकाळी घरी बाबांनी पाटीतून विचारलं, "ठमे, आज तोंड का पाडलंस?" मी म्हटलं काही नाही, काम. त्यांच्याशी ऑफिसचं काय बोलायचं.


६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडला. पाहुण्याचं नाव "हुंकार". लिहिणारीनं आपलं खरं नाव दिलेलं नाही, "विंगेतली" एवढीच सही. काम काय, तर समोरचा माणूस बोलत असताना आपण पाटीच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवायचा. मग त्याचं वाक्य संपलं की पाटी हळूच "हं" म्हणते. बस, एवढंच. आपण ऐकतोय हे बोलणाऱ्याला कळावं म्हणून.

दोष शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. हा पाहुणा बोलणाऱ्याचं बोलणं संपायची वाट बघतो. किती वेळ बघायची, ते लिहिलेलंच नाही. दवाखान्यात त्या मुलीचं ऐकताना गृहस्थांनी अंगठा ठेवला असणार, पण भिंतीवर टीव्ही चालू होता आणि टीव्हीवरचा माणूस काही बोलायचा थांबत नव्हता. पाहुणा त्याचं ऐकत बसला. आमची पाटी बोलताना प्रत्येक श्वासाला पाहुण्यांना विचारते, कुणाला काही करायचंय का. हुंकारानं उत्तरच दिलं नाही, आणि पाटी त्याच्या उत्तरासाठी खोळंबली. नवशिकी चूक. मर्यादा न घालता थांबायचं नसतं, हे पहिल्या वर्षात शिकवतात.

विंगेतलीला कडक मेल लिहिली.

घरी आले तर खालच्या मजल्यावरच्या आजी बाबांना गुडघ्याचं पुराण सांगत बसल्या होत्या. मी चपला काढत होते आणि पाटीतून आवाज आला, "हं." मी दुसरी चप्पल काढली. "हं." आणि मग मी तशीच उभी राहिले.

इतके दिवस मला वाटायचं, आमच्या आवाज-विभागानंच तो घातला असेल. विचारलंसुद्धा नव्हतं कधी. आजी गेल्यावर विचारलं. बाबा म्हणाले, "गुरुवारच्या गटातल्या बाईंनी घालून दिला."

मार्चअखेरीला तो जाणार, हे काही मी सांगितलं नाही.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

विंगेतलीचं उत्तर. जसंच्या तसं उतरवते, कारण राग येतो आहे आणि का येतो आहे ते कळत नाही.

"आपली मेल वाचली. त्या गृहस्थांचं वाचून रात्रभर झोप नाही. चूक माझीच. थांबण्याला मर्यादा घाला म्हणता, पण समोरचं माणूस बोलत असताना मधूनच कसं उठायचं? माझ्या कामात मी तशी कधी उठले नाही. मी हे म्हातारपणी शिकले, त्यामुळे आपण म्हणाल ते बरोबरच असेल. दुरुस्त करायला बसले आहे."

म्हातारपणी शिकल्या म्हणे. लोकांची वाचा अशा हातांत दिलेली आहे.


१० फेब्रुवारी, सोमवार

बाबांबद्दल लिहायला हवं, नाहीतर माझं मलाच कळणार नाही मी कशासाठी धडपडते आहे.

बाबांचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. बाबा स्वतः फार बोलके कधीच नव्हते. बोलायचं ते गिऱ्हाईक. बाबा मागे उभे राहून कात्री चालवत "हं", "हं" करायचे आणि त्या एका अक्षराएवढ्या आवाजावर माणसं आपलं सगळं पोट मोकळं करायची. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला, तेव्हा पाटी होतीच, मी स्वतः बसवून दिली. हवं ते बोलता येत होतं त्यांना. पण समोरचा बोलत असताना हे नुसते बघत बसायचे. लोक दोन वाक्यं बोलायचे, तिसऱ्याला अडखळायचे आणि उठायचे. मला वाटायचं, आजारी माणसाकडे लोक येतच नाहीत, जगरहाटी आहे.

तसं नव्हतं. हुंकार आल्यापासून घरात पुन्हा माणसं आहेत. घड्याळजीकाका येतात, आजी येतात. मी हे पाहत होते आणि डोक्यात शिरत नव्हतं. आता मार्चअखेरीला मीच हात वर करून तो काढून घेणार आहे. बाबांचं बोलणं नाही जाणार. त्यांच्याशी बोलणं जाईल.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवारी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये आवाज गेलेल्यांचा गट भरतो. आज बाबांना आणायला गेले. बाबा हल्ली गुरुवारी सकाळी दोनदा दाढी करतात, बहुधा ब्लेड नीट लागत नसावं. नवी ब्लेडं आणायला हवीत.

हॉलमध्ये त्या बाई भेटल्या. मोठा थर्मास घेऊन सगळ्यांना कॉफी देत होत्या. त्यांचे यजमान या गटात होते, ते गेले, तरी या येत राहिल्या. पूर्वी नाटकात होत्या म्हणे. हिरॉईन असतील कधीकाळी, पण तसं वाटत नाही, बोलतात तेसुद्धा कुजबुजल्यासारखं, आपल्यालाच पुढे वाकावं लागतं. मला कॉफी देऊन म्हणाल्या, "तुम्ही कॉम्प्युटरमधल्या ना? एखादा प्रोग्राम थांबून राहिला, तर त्याला बाहेरून उठवता येतं का हो?"

मी म्हटलं, "ते जरा किचकट असतं हो. तुम्हाला नाही कळायचं."

"हो का," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला कॉफी द्यायला गेल्या.

घरी येईपर्यंत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. पाटी मांडीवर चालू होती, तरी. काय बिघडलं, मला काही समजलं नाही.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

मी स्वतःच एक हुंकार लिहिला. स्वच्छ, नेटका, आमच्या कोडच्या आत बसणारा. दोन सेकंद शांतता झाली की "हं". आवाज आमच्या व्यावसायिक कलाकाराचा, भारदस्त. विंगेतलीचा काढून हा बाबांच्या पाटीत घातला आणि म्हटलं, सुधारलेला आहे, बघा. वाटलं, आता सगळ्यांचंच भलं झालं. माझी पाठ मीच थोपटून घेतली.


१९ फेब्रुवारी, बुधवार

पाठ थोपटली ती उगाच.

घड्याळजीकाका केस कापायला आले. बाबा अजून चार जुन्या गिऱ्हाइकांचे केस गॅलरीत कापतात. मी आत भाजी चिरत होते, पण सगळं ऐकू येत होतं. पाटी समोर कठड्यावर, बाबांचा डावा अंगठा अधूनमधून तिच्या कोपऱ्यावर. काका काकूंचं सांगत होते. डॉक्टरांनी परवा त्यांना एकट्यांना आत बोलावलं होतं. "डॉक्टर म्हणाले, तसं घाबरायचं कारण नाही, पण," एवढं बोलून काका थांबले. आवंढा गिळत असणार. आणि माझा स्वच्छ, नेटका, भारदस्त हुंकार म्हणाला, "हं."

काका म्हणाले, "असो. मागे जरा बारीक करा."

त्या "पण"च्या पुढचं त्यांनी सांगितलंच नाही. केस झटकले, निघून गेले. बाबांनी कात्री पुसून ठेवली, पाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसले आणि एकेक अक्षर टाइप केलं.

"तुझा हं घाईत आहे, ठमे. माणूस गप्प झाला म्हणजे त्याचं बोलणं संपलं असं नसतं."

मी म्हटलं, बाबा, मशीनला ते कसं कळणार?

"आधीच्याला कळत होतं."

जुना हुंकार परत घालून दिला. मग विंगेतलीचं कोड पहिल्यांदा नीट, वरपासून खालपर्यंत वाचलं. रचना गबाळी आहे, एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली आहे. पण ती शांतता मोजतच नाही. ती आवाजाचा उतार बघते. वाक्य संपताना माणसाचा आवाज खाली येतो. वरच अडकून राहिला, तर वाक्य पुरं व्हायचं आहे, मग थांबायचं, कितीही वेळ. काकांचा "पण" वरच होता. ही बाई थांबली असती.

म्हणजे जी चूक आहे, तेच त्याचं मोल आहे. मर्यादा घातली तर तो माझ्यासारखाच होईल.


२० फेब्रुवारी, गुरुवार

विंगेतलीला लिहिलं: दुरुस्ती करू नका. आहे तसं असू दे. मी बघते काय करायचं ते.

उत्तर एका ओळीचं: "आज पहिल्यांदा झोप लागेल."


२५ फेब्रुवारी, मंगळवार

कुलूपबाईंकडे गेले. म्हटलं, पाहुण्यांना हाकलण्याऐवजी प्रत्येकाला वेगळी खोली देऊ. आत काय वाटेल ते कर, पड, झोप, कितीही थांब. पाटीशी बोलायचं ते दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवून. दारावर आमचा पहारेकरी. पाटीला बोलायचं असेल तेव्हा तो दार वाजवणार. उत्तर आलं नाही तर पाहुण्यासाठी पाटी खोळंबणार नाही, ती आपलं बोलून मोकळी होईल आणि पहारेकरी पाहुण्याला उठवून पुन्हा बसवील.

बाई म्हणाल्या, "तूच पहिला हात वर केला होतास."

"हो."

"मग आता काय झालं?"

बाबांचं सांगणार नव्हते, पण सांगितलं. काकांच्या "पण"सकट सगळं. बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्या गृहस्थांच्या मुलीला रोज फोन करते. ती काही बोलत नाही मला. पण मला ते खिडकीशी उभे दिसतात. पुन्हा कुणी तसं उभं राहिलेलं मला चालणार नाही, तुझे वडील असले तरी. तुझी भिंत खरंच उभी राहते, हे डोळ्यांनी दिसलं तर पाहुणे राहतील. एक पडला आणि पाटी अडखळली, तर सगळे बाहेर. मग माझ्याकडे यायचं नाही."

कुलूपबाई म्हणून हसायचो आम्ही. आज नाही हसू आलं.


३ मार्च, सोमवार

भिंत बांधली. हुंकार तिच्या पलीकडे राहायला गेला. आणि आता "हं" उशिरा येतो. आवाज भिंतीपलीकडून चिठ्ठ्यांच्या तुकड्यांत यायचा, वेळ लागतो. आमचा टेस्टर, ज्याला आम्ही मोडतोड म्हणतो कारण तेच त्याचं काम आहे, त्यानं पाटीला म्हटलं, "माझं लग्न ठरलंय, पण मुलगी नाही म्हणते." पुढचं वाक्य निम्मं झालं तेव्हा "हं" आला. म्हणाला, "ताई, हा माझ्या सासऱ्यांसारखाच आहे, पुढच्या विषयात मागच्याचं उत्तर देतो." त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली. हसून हसून पुरेवाट झाली, मग बसून रडावंसं वाटलं.


६ मार्च, गुरुवार

सुटलं. आवाज भिंतीपलीकडून आणायचाच कशाला? "हं" आधीच आमच्याकडे घेऊन ठेवायचा. पाहुण्यानं फटीतून फक्त "आता" एवढंच सांगायचं. तेवढ्याला वेळ लागत नाही, आणि पाहुण्यानं भलताच आवाज काढण्याचीही भीती नाही.

विंगेतलीकडून मूळ आवाज मागवला. मागे बारीक खणखण ऐकू येते. विचारलं, कुठे रेकॉर्ड केला? म्हणाल्या, "घरी. जेवताना. त्यांना माहीत नव्हतं मी रेकॉर्ड करते आहे." म्हणजे ती खणखण चमच्याची. मी म्हटलं, साफ करून देऊ का, पाच मिनिटांचं काम आहे. लगेच उत्तर: "नको. कृपा करून नको."

लोकांचे हट्ट काय काय असतात. राहू दे चमचा.

बाबा संध्याकाळी गटातून शीळ घातल्यासारख्या चेहऱ्यानं आले. शीळ घालता येत नाही त्यांना आता, पण चेहरा तोच.


१३ मार्च, गुरुवार

मोडतोडनं दहा दिशांनी हल्ले केले. एक भोक सापडलं. पहारेकरी फारच शिस्तीचा निघाला, पाटी गप्प असतानाही दार वाजवत राहायचा आणि हुंकार निमूट वाट बघत बसला असला तरी झोपला समजून त्याला उठवायचा. थांबलेला आणि अडकलेला यातला फरक बाहेरून दिसत नाही, हे खरं दुखणं. विचार करून करून डोकं शिणलं. मग वाटलं, फरक मला कळायलाच कशाला हवा? बसू दे त्याला. पाटीला बोलायचं असेल तेव्हाच दार वाजवायचं, एरवी नाही.

पुढच्या गुरुवारी कुलूपबाईंसमोर चाचणी. त्यांची अट: खरा वापरणारा माणूस हवा आणि लिहिणारीही हवी. बाबा तयार झाले, म्हणाले, "त्या दिवशी गटाला दांडी." विंगेतलीनं कळवलं, "येईन. पण मी माणसांसमोर येऊन कधी बोललेली नाही, तेवढं सांभाळून घ्या."


२० मार्च, गुरुवार

क्रमानं लिहिते.

बाबांना घेऊन ऑफिसात गेले. स्वागतकक्षात त्या थर्मासवाल्या बाई बसल्या होत्या. मी मनात म्हटलं, या इथे कुठे? बाबांना सोबत म्हणून आल्या असतील. म्हटलं, "बाई, आज आतल्या लोकांचंच काम आहे, तुम्ही इथेच बसता का?" तर बाबांच्या पाटीतून आलं, "ठमे, ह्याच त्या."

मी "कोण त्या?" असं विचारलंसुद्धा. माझ्या अकलेचं कौतुकच.

नाटकात होत्या म्हणजे विंगेत उभ्या राहून नटांना वाक्यं सुचवायच्या. प्रॉम्प्टर. अख्खा जन्म दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघण्यात गेला. नट अडला तर तो अडलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याच्या आवाजावरून ओळखायचं आणि थांबला असेल तर तोंड उघडायचं नाही. ते सगळं त्यांनी कोडमध्ये लिहून ठेवलं होतं आणि मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हाला नाही कळायचं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "चला, उशीर होतोय."

मीटिंगच्या खोलीत बाबा एका बाजूला, बाई समोर. मी लॅपटॉपवर पहारेकरी बघत होते, मोडतोड माझ्या मागे. कुलूपबाईंनी टेबलावर रेडिओ ठेवला होता, बारीक आवाजात बातम्या चालू. बाईंना म्हणाल्या, "ह्यांच्याशी बोला. काहीही."

"मला दुसऱ्यांचीच वाक्यं पाठ आहेत," बाई म्हणाल्या. त्यांचा तो कुजबुजता आवाज. मग बाबांकडे बघून बोलायला लागल्या. "परवा कपाट आवरलं. ह्यांचे शर्ट काढून देऊन टाकले."

"हं."

"एक ठेवलाय. निळा."

"हं."

अगदी वेळेवर. कुलूपबाईंनी रेडिओ मोठा केला. तेच तर बघायचं होतं. बातम्या देणारा धबधब्यासारखा बोलत सुटला आणि हुंकार त्याचं ऐकत बसला.

बाई बोलतच होत्या. "वाटलं होतं, रडू कोसळेल. नाही आलं. उलट हलकं वाटलं. आणि मग हलकं वाटलं म्हणून वाईट वाटलं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही."

आणि थांबल्या. "हं"ची वाट बघत. तो आला नाही. रेडिओ चालूच. बाईंचा चेहरा माझ्यासमोर उतरला. भलतं बोलून बसलो असं वाटलेल्या माणसाचा असतो तसा. त्या पर्स उचलायला वाकल्या.

बाबांचं बोट पाटीवर गेलं. माझा जीव टांगणीला. हुंकार अडकलेला आहे, आता पाटीनं श्वास घेतला की दार वाजणार, उत्तर येणार नाही, आणि पूर्वी इथेच सगळं संपायचं. स्क्रीनवर पहारेकऱ्यानं दार वाजवलं. उत्तर नाही. लाल दिवा. आणि पाटी रेडिओच्या आवाजावर चढून, स्पष्ट, एकही शब्द न गाळता बोलली:

"मी ऐकतोय. तू बोल."

भिंत उभी राहिली. मोडतोडनं माझ्या खांद्यावर गुद्दा मारला. मी स्क्रीनकडेच बघत होते, हिरवा दिवा आला, पाहुणा पुन्हा जागेवर बसला. कुलूपबाईंनी रेडिओ बंद केला. तेव्हा कुठे, बाबा काय बोलले, ते माझ्या कानांनी मला सांगितलं. आधी भिंत बघितली, मग वडील ऐकले. धंद्याचा दोष.

त्या शांततेत नुकताच उठून बसलेला हुंकार म्हणाला, "हं." कुणालाच नाही, असाच. आधी बाईच हसल्या. डोळे पुसत हसल्या. मग सगळेच.

कुलूपबाईंनी मला दारापाशी गाठलं. "पाहुणे राहतील," म्हणाल्या. "त्या गृहस्थांना मी स्वतः जाऊन दाखवणार आहे. तू चल माझ्याबरोबर." आणि बाबा-बाईंकडे एक नजर टाकून, "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "कशाचं?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.


२१ मार्च, शुक्रवार

दोनदा दाढी. आणि मी ब्लेडं आणून ठेवली.


२३ मार्च, रविवार

दुपारी बाबा पाटी घेऊन आले आणि समोर बसले. बराच वेळ काहीतरी टाइप करत होते, खोडत होते. शेवटी पाटी बोलली, "ठमे, मी तिच्याकडे राहायला जाऊ का?"

मी म्हटलं, "जा की. चार्जर विसरू नका."

"हे झालं चार्जरचं."

मी भांडी आवरायला उठले. मग परत बसले. मनात एक गोष्ट सलत होती, ती विचारली. गुरुवारी ऑफिसातून येताना गाडीत बाईंनी सांगितलं होतं, तो "हं" त्यांच्या यजमानांचा आहे. यजमानांच्या ऑपरेशनच्या आधी बाईंनी गुपचूप रेकॉर्ड केला होता. म्हणजे मागचा चमचाही यजमानांचाच. आणि मी पाच मिनिटांत साफ करून देणार होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं तिनं."

"मग दुसऱ्या माणसाच्या आवाजात हं म्हणायला तुम्हाला काही वाटत नाही?"

बाबांनी विचार केला. "चांगला ऐकणारा माणूस होता म्हणे. त्याचं उसनं घ्यायला लाज कसली?" आणि थोड्या वेळानं, "तिला विचारलं होतं, बदलू का. म्हणाली, आता तो कधी ऐकतो आणि तू कधी, मला वेगळं कळत नाही."

बाबांनी पाटी टेबलावर आमच्या मध्ये ठेवली आणि कोपऱ्यावर अंगठा ठेवला. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत त्यांनी माझ्यासमोर असा अंगठा ठेवल्याचं मला आठवत नाही. मीच कधी तेवढं बोलले नसेन. सूचना द्यायचे. गोळ्या घेतल्या का, दार लावलं का, पाटी चार्ज केली का. त्याला हुंकार कशाला लागतो?

"बाई चांगल्या आहेत," मी म्हटलं.

"हं."

"मला आनंदच झालाय. खोटं नाही बोलत."

"हं."

"फक्त तुम्ही गेलात की मी घरी आल्यावर," एवढं म्हटलं आणि पुढचं येईना. मी टेबलाकडे बघत राहिले. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून गेलं. गॅलरीत कपडे वाळत होते. बाबांचा अंगठा तसाच होता. पाटी गप्प होती. बाबा गप्प होते. कुणालाही घाई नव्हती.

"घरी आल्यावर कुणाशी बोलू, असं वाटलं मला," मी म्हटलं.

"हं," बाबा म्हणाले.